शाळेत मन न लागणारी मुले आणि नर्मदाकाठचा एक जुना पुरावा

इंदूरहून बैतूलकडे जाणारा रस्ता कन्नौद, खातेगाव करीत नेमावरला नर्मदेवर येतो. अलीकडे सिद्धनाथाचे देऊळ, पलीकडे हंडियाला रिद्धनाथाचे, आणि मधे पूल. अलीकडचा काठ देवास जिल्ह्याचा. पलीकडचा आज हरदा जिल्ह्यात मोडतो, पण 1998 पर्यंत तो होशंगाबादचा होता. दोन्ही काठांवर तीच काळी जमीन, तेच सोयाबीन, तोच गहू-हरभरा. सोयरिकीही एकमेकांत होतात. तरी 1978 पासून पुढची चोवीस वर्षे पलीकडच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेत सहावी ते आठवीची मुले विज्ञानाच्या तासाला जे करीत होती, तसे आपल्या देशातल्या सरकारी शाळांत फार क्वचित घडले आहे. ते 2002 साली बंद पडले. अभ्यासात मन नसलेल्या मुलांचे काय करायचे, या आजच्या प्रश्नावर त्या चोवीस वर्षांइतका मोठा आणि आपल्या मातीतला पुरावा माझ्या माहितीत दुसरा नाही. म्हणून खातेगावच्या बाजूने उभे राहून तो पुन्हा तपासावा, असे मला वाटते.

या वयाच्या मुलांबद्दलची तक्रार खातेगावात, देवास-धारच्या मराठी घरांत आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात एकच ऐकू येते. डोके आहे, पण लक्ष नाही. चौथी-पाचवीपर्यंत बरा होता, आता पुस्तकाला हात लावत नाही. बसायला सांगितले तर बसतो, पण मन भलतीकडेच. या तक्रारीत एक गृहीतक दडलेले असते. मुलाला आधी शिकायची इच्छा हवी आणि शिकणे त्याच्या मागून येईल, असे आपण धरून चालतो. मग सगळे उपाय त्या इच्छेवर होतात: थोरांची चरित्रे सांगायची, पहिल्या नंबराला सायकल कबूल करायची, नापासाचा धाक घालायचा, पदरमोड करून शिकवणी लावायची. माझे म्हणणे असे की हा क्रमच उलटा आहे. जमेल असे आणि करण्यासारखे खरे काम हातात पडले, तर इच्छा त्याच्या मागून येते. सहावी-सातवीतल्या बहुसंख्य मुलांना यातले काहीच मिळत नाही. त्यांची अनिच्छा हा स्वभावदोष नाही. समोर जे ठेवले आहे त्याला दिलेला तो बऱ्यापैकी शहाणपणाचा प्रतिसाद आहे.

आधी ‘जमेल असे’ याकडे पाहू. मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या 2022 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे 70 टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे दहांतल्या तिघांना तो आला नाही. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे जमलेली मुले निम्म्याहूनही कमी, सुमारे 45 टक्के होती. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दिल्लीतल्या सरकारी शाळांच्या सहावी ते नववीच्या मुलांची गणिताची पातळी मोजली, तेव्हा सहावीतले सरासरी मूल आपल्या इयत्तेच्या अडीच वर्षे मागे निघाले आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार वर्षांवर गेले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. सातवीच्या वर्गात बीजगणित चालू आहे आणि बाकावरचे मूल अजून हातच्याच्या वजाबाकीत अडखळते आहे. दिवसाचे पाच-सहा तास, वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस, त्याच्या कानावर असे काही पडत राहते ज्याचे टोक त्याच्या हाती येण्याची शक्यताच नाही. अशा जागी तीन वर्षे बसवलेल्या कोणाही मोठ्या माणसाचे मन तिथे टिकणार नाही. ते मूल रोज शाळेत येते, यातच त्याची चिकाटी दिसते.

दिल्लीच्या या अभ्यासाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच मुलांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही जणांना शाळा सुटल्यावर संगणकावर अशी उजळणी मिळाली जी प्रत्येकाच्या खऱ्या पातळीपासून सुरू होई, इयत्तेपासून नव्हे. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत ती मुले इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली, आणि जी सर्वांत मागे होती त्यांना तुलनेने अधिक फायदा झाला. मुले तीच, घरे तीच, आईबापही तेच होते. जादा वेळ सोडला तर बदलली होती ती मुख्यतः समोरच्या प्रश्नाची पायरी.

पण पायरी जुळली म्हणजे काम संपले, असे नाही. बेरीज-वजाबाकीची शंभर उदाहरणे जमत असूनही कंटाळवाणी असू शकतात. इथे पलीकडच्या काठाची गोष्ट सुरू होते. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत, म्हणजे मध्य प्रदेशाच्या रिवाजाप्रमाणे सहावी ते आठवीच्या शाळांत, दोन लहान संस्थांनी विज्ञान वेगळ्या रीतीने शिकवायला सुरुवात केली. एक होती रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर. दुसरी बनखेडीजवळची किशोर भारती, जी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काम सोडून आलेल्या अनिल सद्‌गोपालांनी उभी केली होती. टाटा संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ-प्राध्यापक मदतीला आले. 1978 मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम जिल्हाभर, दोनशेहून अधिक शाळांत नेला. 1982 मध्ये तो पुढे चालवण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. बंद पडला तेव्हा तो पंधरा जिल्ह्यांतल्या सुमारे हजार शाळांत आणि लाखभर मुलांपर्यंत पोहोचलेला होता. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या शाळा सरकारी होत्या, शिक्षक सरकारी पगारावरचे, बदलीच्या नोकरीतले होते, आणि मुले अलीकडच्या काठावरच्या मुलांपेक्षा कुठल्याही अर्थाने निवडक नव्हती.

‘बाल वैज्ञानिक’ या नावाची तीन इयत्तांची तीन पुस्तके होती आणि त्यांत उत्तरे नव्हती. काय करून पाहायचे ते असे, प्रश्न असत, आणि उत्तर मुलांनी करून, पाहून, आपापल्या वहीत लिहायचे असे. चार-चार मुलांची टोली, म्हणजे गट. शाळेला साहित्याचा संच मिळे, पण त्यातला मोठा भाग गावातच सापडणारा असे. फूल उघडून त्याचे भाग सुटे करायला बाभळीचा काटा चाले. एक धडा मोजमापाचा होता. एकाच टेबलाची लांबी सगळ्या गटांनी मोजायची आणि आकडे फळ्यावर मांडायचे. आकडे जुळत नाहीत. कोणाची पट्टी घसरली, कोणी टोकापासून मोजले, कोणी शून्यापासून. नेहमीच्या वर्गात इथे शिक्षक बरोबर उत्तर सांगून मोकळे होतात. या धड्यात मात्र फरक हाच विषय होता: फरक का पडला, तो किती आहे, पुन्हा मोजले तर कमी होतो का, आणि आता या टेबलाची लांबी किती धरावी. इथे वर्गातल्या हुशार मुलाचे उत्तर पाठ करून चालत नाही, कारण त्याचाही आकडा इतर आकड्यांतला एक असतो. कच्च्या समजल्या गेलेल्या मुलाचा आकडाही फळ्यावर त्याच रांगेत असतो आणि सरासरी काढायला तो लागतोच.

दुसरा धडा मूळ आणि पान यांचा. मुलांनी बाहेर जाऊन झाडे-रोपे मुळासकट उपटून आणायची. पानाच्या शिरा जाळीदार की समांतर, आणि मूळ सोटमूळ की झुपकेदार, हे दोन रकान्यांत भरत जायचे. गहू, मका, गवत एका बाजूला पडू लागतात; हरभरा, मेथी दुसऱ्या बाजूला. रकाने भरत आले की संबंध आपोआप दिसू लागतो: समांतर शिरा तिथे झुपकेदार मुळे, जाळी तिथे सोटमूळ. मग पुढचा प्रश्न येतो. नुसते पान दाखवले तर मूळ सांगता येईल का? सांगा, आणि उपटून खात्री करा. शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या मुलीला हरभऱ्याचे मूळ न तुटता कसे काढायचे ते ठाऊक असते. दुकानदाराच्या मुलाला ते तिच्याकडून शिकावे लागते. शाळेत जे ज्ञान आजवर बिनकामाचे ठरले होते, ते या तासाला कामाचे ठरते. आणि जो नियम सापडतो तो त्या वर्गाने शोधलेला असतो. गुरुजींनी सांगितला म्हणून तो खरा नसतो. ओट्यावर पसरलेल्या रोपांत तो डोळ्यांनी दिसतो म्हणून खरा असतो.

मुलांच्या मनाचा ठाव घेणारी आणखी एक सोय या कार्यक्रमात होती. सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते आणि पडेल तो प्रश्न त्याला पत्राने विचारायची मुलांना मुभा होती. प्रश्न पुस्तकातलाच हवा, अशी अट नव्हती. उत्तर पाठवले जाई. या पत्रांना गुण नव्हते, ती लिहिण्याची सक्ती नव्हती, शाळेच्या परीक्षेत त्यांचा उपयोग नव्हता. तरी खेड्यापाड्यांतून ती येत राहिली. ज्या वयाबद्दल आपण म्हणतो की यांना कशाचीच जिज्ञासा उरलेली नाही, त्याच वयाची मुले पत्र लिहून ते टाकायचा खटाटोप करीत होती, कारण पलीकडे कोणीतरी प्रश्न वाचून उत्तर देईल असा भरवसा त्यांना होता. जिज्ञासा संपलेली नसते; तिला उत्तर मिळायचे थांबलेले असते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: तेव्हा मोबाइल नव्हता. आज सातवीचा मुलगा रात्री अकरापर्यंत पडद्यावर असतो, त्याला बाभळीच्या काट्याने फूल उघडण्यात काय रस वाटणार? मोबाइल झोप खातो, वेळ खातो, हे खरे आहे आणि घरात त्यावर बंधन हवे, याबद्दल माझे दुमत नाही. पण अनिच्छेचे मूळ मोबाइलमध्ये असते, तर 1972 मध्ये होशंगाबादच्या शाळा उत्साहाने भरलेल्या असायला हव्या होत्या. त्या तशा नव्हत्या, म्हणूनच तर तो प्रयोग सुरू करावा लागला. शिवाय पडद्यावरचा खेळ मुलाला धरून ठेवतो तो फुकटच्या करमणुकीने नव्हे. तो त्याच्या पातळीपासून सुरू होतो, चूक लगेच दाखवतो आणि पुन्हा खेळू देतो. शाळेतली चूक महिन्याने तपासलेल्या वहीत लाल शाईने दिसते आणि तिथेच संपते.

दुसरा आक्षेप बक्षिसाचा आणि धाकाचा. लोक म्हणतात, एवढा विचार कशाला, पैसे किंवा भीती लावली की पोरे अभ्यास करतात. या म्हणण्याची परीक्षा अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी काही मोठ्या शहरांतल्या शाळांत मुलांना रोख पैसे देऊन पाहिले आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये चौथी आणि सातवीच्या मुलांना परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे दिले. गुण वाढले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले. वाचनाची समज वाढली. फरक का पडला याचे फ्रायर यांचे स्पष्टीकरण मननीय आहे. न्यूयॉर्कच्या मुलांना पैसे हवे होते, ती उत्साहात होती, पण गुण वाढवायचे तर नेमके काय करायचे, हे त्यांना सांगता येत नव्हते. पेपर नीट वाचावा, उत्तरे तपासावीत, एवढेच ती म्हणत. म्हणजे इच्छा भरपूर होती, वाट नव्हती. पुस्तक वाचणे हे मात्र मुलाच्या हातातले काम होते. आपल्याकडे ‘नव्वद टक्के पाड, सायकल घेतो’ असे सांगणाऱ्या बापाने हे ध्यानात घ्यावे. उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. केनियात सहावीच्या मुलींसाठी ठेवलेल्या गुणवत्ता शिष्यवृत्तीने गुण खरोखर वाढले, अगदी जिंकण्याची आशा नसलेल्या मुलींचेही. पण तिथे शिक्षकांची हजेरीही वाढली होती. बक्षिसाने मुलींबरोबर शाळाही हलली, तेव्हा ते लागू पडले.

धाकाचे समर्थक शिक्षण हक्क कायद्याकडे बोट दाखवतात. 2010 पासून आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले आणि मुले बेफिकीर झाली, असे ते म्हणतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यांना मोकळीक मिळाली. महाराष्ट्राने आणि मध्य प्रदेशाने पाचवी-आठवीच्या परीक्षा पुन्हा आणल्या. परीक्षेला माझा विरोध नाही. होशंगाबादमध्येही आठवीला बोर्डाची परीक्षा होती. पण तिथल्या विज्ञानाच्या पेपरला पुस्तक आणि आपली वही उघडी ठेवायची मुभा असे, प्रश्न पुस्तकात न आलेल्या परिस्थितीवर विचारले जात, आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा असे. त्या परीक्षेत वर्षभर करून पाहिलेल्याला किंमत होती. अडीच वर्षे मागे असलेल्या मुलाला नापासाचा धाक घातला तर तो फार तर गाइड पाठ करील. वजाबाकी त्याला कोणी शिकवलेली नसते. आणि नापास झाला तर तेच पुस्तक, त्याच रीतीने, दुसऱ्यांदा.

मुंबईतला एक पुरावा इथे जोडतो. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खानदेशातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत आणि पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांत, बहुतांशी दलित आणि गरीब घरांतल्या मुलांबरोबर काम केले. या मुलांची अडचण बुद्धीची किंवा इच्छेची नसून बऱ्याच अंशी पुस्तकाच्या भाषेची आणि प्रश्न विचारण्याची संधी न मिळण्याची आहे, असे त्यांना दिसले. भाषा सोपी केली, मुलांना बोलते केले, की तीच मुले विज्ञान शिकत. खातेगाव तालुक्यातल्या कोरकू, गोंड, बारेला मुलांना हे दुपटीने लागू आहे. घरातली बोली एक, शाळेतली पुस्तकी हिंदी दुसरी. ते मूल गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्याला आपण निरुत्साही म्हणतो.

सर्वांत जड आक्षेप शेवटचा, आणि त्याला सोपे उत्तर नाही. शिकून काय मिळणार? गावातला बी.ए. झालेला मुलगा पुन्हा ट्रॅक्टरवर बसलेला बाप रोज पाहतो. मग सोयाबीनच्या काढणीला आणि गव्हाच्या हंगामाला पोरगा शाळेत गेला नाही तर त्याचे काय बिघडले? डोमिनिकन प्रजासत्ताकात रॉबर्ट जेन्सन यांनी आठवीच्या मुलांना विचारले, तेव्हा शिक्षणाने कमाई किती वाढते याचा त्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा फारच कमी निघाला. खरे आकडे सांगितल्यावर ती मुले पुढे सरासरीने थोडी जास्त काळ शाळेत टिकली, मात्र अगदी गरीब घरांतल्या मुलांत हा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणजे माहितीने काही होते, पण पोट त्याहून मोठे असते. बिहारचा अनुभवही हेच दाखवतो. मुलींना शिक्षणात रस नाही असे म्हटले जाई. 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या तर त्या वयोगटाची हजेरीपटावरची संख्या सुमारे 32 टक्क्यांनी वाढली. रस होता, शाळा लांब होती. तेव्हा मुलाच्या मनाला दोष देण्यापूर्वी अंतर, मजुरी आणि घरची निकड तपासली पाहिजे. वर्ग कितीही चांगला केला तरी या गोष्टी तो भरून काढू शकत नाही, हे मी मान्य करतो. पण ज्या दिवशी मूल शाळेत येऊन बसले आहे, त्या दिवसाची जबाबदारी शाळेची आहे.

होशंगाबादच्या पद्धतीलाही एक मर्यादा होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. करून पाहायची सूचना वाचता आली तरच टोलीत हात चालतात. वाचता न येणारे मूल चौघांत मागे सरकून तीन जणांचे काम बघत बसू शकते. म्हणून सहावीच्या सुरुवातीचे काही महिने वाचन आणि आकडेमोडीची खरी पातळी पकडण्यात घालवावेत आणि मग प्रयोगाकडे वळावे. एकाशिवाय दुसरे अपुरे आहे. शिक्षकांचे प्रश्न तर याहून मोठे. होशंगाबादला उन्हाळ्यातली प्रदीर्घ प्रशिक्षणे, दर महिन्याची शिक्षकांची बैठक आणि शाळेत येऊन मदत करणारी माणसे होती. शिक्षकालाच जमेल असे आणि करण्यासारखे काम दिलेले नसेल, जनगणना आणि निवडणुकीच्या याद्यांत त्याचे दिवस जात असतील, तर मुलांच्या अनिच्छेआधी त्याची अनिच्छा समजून घ्यावी लागेल. 2002 मध्ये कार्यक्रम बंद करताना मुख्य तक्रार अशी होती की ही मुले नववी-दहावीत मागे पडतात आणि सगळ्या राज्याला एकच पुस्तक हवे. आठवीपर्यंत शोधायला लावलेल्या मुलाला नववीत पुन्हा पाठांतराला बसवले, तर त्याची अडचण होणारच. त्यावर नववी बदलणे हा उपाय होता. सहावी ते आठवी मोडून टाकणे हा नव्हे. तो निर्णय चुकीचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या कार्यक्रमाचा एक धागा मात्र मराठी मुलुखात आला. पुण्याच्या टेल्को कारखान्यातून 1978 मध्ये रजा घेऊन अभियंते अरविंद गुप्ता होशंगाबादच्या कार्यक्रमात गेले. बनखेडीच्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार तयार केले, आणि पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्रात मुलांसाठी अशाच वस्तूंची खेळणी वर्षानुवर्षे बनवली. ‘एकलव्य’ची पुस्तके आणि ‘संदर्भ’ हे नियतकालिक आजही निघतात. पुण्यातून मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ही निघत आला आहे. म्हणजे सामग्री नाही, असे म्हणायला जागा नाही. केंद्रीय बोर्डाने 2025 मध्ये नववीसाठी उघड्या पुस्तकाच्या चाचण्यांना मान्यता दिली. खेड्यांतल्या सरकारी शाळांनी ते 1970 च्या दशकातच करून दाखवले होते.

खातेगावच्या, किंवा तुमच्या गावच्या, शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना कायद्याने जागा आहे. पुढच्या बैठकीत मुलाचे गुण विचारू नका. काल विज्ञानाच्या तासाला त्याने स्वतःच्या हाताने काय केले, आणि गणितात तो नेमका कोणत्या पायरीवर अडला आहे, हे दोन प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत आपल्या मुलाला आळशी म्हणू नका.